काचेवरचा पांढरा थर

वहिनींना मी कितपत ओळखत होतो असं कुणी विचारलं, तर मला मान खालीच घालावी लागेल. नात्याच्या नव्हेत त्या, सगळेच त्यांना वहिनी म्हणत. अकरा वर्षं एकाच पॉलिहाऊसमध्ये काम केलं, पण त्यांना मुली किती हे मला त्या काम सोडून निघाल्या त्या आठवड्यात कळलं. मी कोठी सांभाळायचो, त्या पाणी. लिहायची मला सवय नाही. तरी त्या काकडीच्या रोपांचं कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

आमच्याकडे कुंड्यांतून झिरपलेलं पाणी वाया जात नसे. ते एका हौदात जमायचं, गाळलं जायचं आणि पोलादी नळकांड्यातून पुन्हा रोपांना जायचं. त्या नळकांड्यात जंतू मारणारा दिवा होता. बाहेरची हिरवी बत्ती पाहून तो चालू असल्याची वहीत रोज खूण करणं माझ्याकडे होतं.

त्या वर्षी रोपं भर दुपारी माना टाकू लागली. उपटून पाहिली तर मुळं तपकिरी, बुळबुळीत. मालक म्हणाले, रोग या फिरत्या पाण्यातूनच पसरतोय. सोडा ते गटारात आणि पाण्याची खोली बंद करा. म्हणजे वहिनींचं कामही बंद. त्यांनी आठ दिवस मागितले. मालकांनी दिले, पण तोंड वाकडं करून.

वहिनींनी पेल्यांत रोपं लावली. निम्म्यांना दिव्याआधीचं पाणी, निम्म्यांना दिव्यानंतरचं. सहाव्या दिवशी दोन्हीकडची मुळं सारखीच काळवंडली. दिवा तर रोज लागतो, माझी खूण आहे, असं मी पुटपुटलो. त्यांनी पाणी थांबवलं, दिवा बंद केला आणि नळकांडं उघडलं. दिव्याभोवतीच्या काचेवर क्षारांचा पांढरा थर, जुन्या किटलीच्या बुडाला असतो तसा. दिवा जळत होता, पण त्याचा उजेड पाण्यापर्यंत पोचत नव्हता. कित्येक महिने मी नुसती बत्ती पाहून खुणा करत होतो.

वहिनी हसल्या. "तुमच्यासारखंच झालंय भाऊजी. आत दिवा आहे, पण बाहेर काही येत नाही."

काच व्हिनेगरने घासून लख्ख झाली. आणखी आठ दिवस मागायला मात्र मी गेलो. मालकांच्या खोलीत न बोलावता शिरलो ते आयुष्यात तेवढं एकदाच. चूक माझी, असं सांगितलं. मागून वहिनी आल्या आणि म्हणाल्या, "दोघांची. काच पुसायची ते मलाही सुचलं नव्हतं."

या वेळी दिव्यानंतरच्या पाण्यावरची मुळं पांढरीशुभ्र निघाली. मालकांनी एक रोप खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिलं. आजारी ओळी उपटून नवी रोपं लावली, आणि खोली राहिली.

पुढे दोन वर्षांनी वहिनी थोरल्या मुलीकडे राहायला गेल्या. शेवटच्या दिवशी पिशवी खांद्याला लावून त्या कोठीच्या दारात थांबल्या.

"निघते भाऊजी. तिसऱ्या ओळीत नळी गळतेय, बघा."

"बघतो."

"बघतो नको. आत्ता उठा, पाणी चाललंय."