तात्यांचं पांढरं धोतर

आई, सातारा रोड स्टेशनावर तू भरलेली ट्रंक उघडून मी तुलाच भाषण दिलं होतं. ते आठवलं की आजही कान गरम होतात. गरजा हीच गुलामगिरी, असं एका पत्रकात वाचलं होतं ना! म्हणून वाकळ, तांब्या, चटणीचा डबा, जादा धोतर, सगळं फलाटावर काढून ठेवलं. पलटणीत उमर घालवलेले आबा एवढंच म्हणाले, “शिपायाला सुदिक सरकार कांबळं देतंय रं.” मी बापाला साम्राज्यशाहीचा हस्तक म्हणालो आणि पत्रकांचा गठ्ठा तेवढा घेऊन गाडीत बसलो.

सांगलीत छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम मिळालं आणि हळदीच्या पेठेत पोती वाहणाऱ्या तात्यांच्या खोलीत जागा. तात्यांपाशी एक तांब्या, एक घोंगडं आणि दोन धोतरं. कामाचं हळदीनं पिवळंजर्द, दुसरं पांढरं. माझ्यापाशी काहीच नव्हतं, त्यामुळे मी फार सुखात होतो. पाणी त्यांच्या तांब्यानं प्यायचो, त्यांच्या अर्ध्या घोंगड्यावर निजायचो आणि वर त्यांनाच अपरिग्रह समजावून सांगायचो.

“व्हय व्हय,” ते म्हणायचे, “पर जरा सरक तिकडं.”

महिन्याभरानं तालमीत माझं पहिलं भाषण ठरलं. विषय साधी राहणी. गाजलं असतं तर शहरात नाव झालं असतं. पण त्या दिवशी माझं एकुलतं एक धोतर वाळेना. दोरीवर तात्यांचं पांढरं होतं. ते कामावर गेलेले. न विचारता नेसलो.

“ज्याला कमी लागतं, तोच खरा सुखी!” इथवर मी आलो आणि दारातून हाक आली, “गड्या, भाषण मागनं कर, आदी धोतर सोड!”

तात्या होते, हळदीनं माखलेले. बहिणीकडं राहणाऱ्या त्यांच्या लेकीला बघायला ठरल्याप्रमाणे मिरजेहून पाव्हणे निघाले होते आणि मुलीचा बाप अशा पिवळ्या धोतरात पुढं जाणार कसा? आडोशाला आम्ही धोतरं बदलली. तात्या धावत गेले. मी पिवळाधमक होऊन पुन्हा उभा राहिलो, तर मागून कुणीतरी ओरडलं, “नवरदेव, वरात कवा हाय?”

तालीम हसून लोळली. मला पुढचं एकही वाक्य आठवेना. शेवटी म्हणालो, “मंडळी, साधा माणूस आत्ता गेला. मी नुसता त्याच्या जिनसा वापरतो.” आणि खाली बसलो.

संध्याकाळी तात्या आले ते गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवतच. “जमलं रं!” मी मान खाली घातली. ते म्हणाले, “नेसलास त्येचं काय न्हाई. आदी इचारलं आसतंस तर पाव्हण्यांस्नी दुसरा दिस सांगितला नसता व्हय?”

आई, तुझ्या घरात काही विचारावं लागलं नाही, म्हणून मला सगळं फुकटच वाटत आलं. आता माझी स्वतःची दोन धोतरं आहेत, तरी तांब्याला हात लावायच्या आधी तात्यांना विचारतो. ते वैतागतात, “किती इचारतोस गड्या, डोकं खाल्लंस!”

ते ऐकलं की वाटतं, सांगलीत आपलं घर झालं.