एका ओढ्यावरचे दोघे

‘याचं गाव विचारलंस का?’

इंग्रजीतला नवा शब्द फळ्यावर लिहिला की मास्तर खडू कानामागे खोवत आणि आधी हेच विचारत. गावावरून माणूस जोखणारे तुम्हीही पाहिले असतील. मास्तर शब्द जोखत. सांगलीच्या आमच्या शाळेत लॅटिन येणारे ते एकटेच.

शाळा संपल्यावर मी चळवळीची पत्रकं लिहू लागलो. एकात साहेबाच्या हुजऱ्यांना ‘आमचे रायव्हल’ म्हणून झोडपलं होतं. मास्तर वाचून हसले.

‘अरे, हा शब्द मुळात शेजाऱ्याचा. रीवस म्हणजे ओढा. एकाच ओढ्यावर शेत भिजवणारे ते रिवालिस. पुढे ते पाण्यावरून भांडले. मग एकाच बाईवर जीव टाकणाऱ्या दोघांना लोक तो लावू लागले. इंग्रजीत पोचेस्तोवर ओढा आटला, भांडण तेवढं उरलं.’

‘मग उलटा फिरवू की त्याला!’ मी म्हणालो. विशीत मला काहीही उलटं फिरवता येत असे.

पलूसजवळ मास्तरांची आणि धाकट्या भावाची सामाईक विहीर होती. चार दिवस याची मोट, चार दिवस त्याची. त्या वर्षी भावानं दहा पावलांवर स्वतःची विहीर खणायला घेतली. झरा एकच. नवी खोल गेली की जुनी आटणार, हे मास्तरांना दिसत होतं. ते मला घेऊन गेले. मी बंधुत्वावर बोललो, आणि चांगलं बोललो.

भावानं कुदळ टेकवून ऐकलं. ‘गड्या, मोट हाकलीस का कवा?’ मग मास्तरांकडे वळून, ‘आवं दादा, तुमी रविवारी येनार, चार शब्द सांगनार. पाळीची वाट बघत ऊस माझा वाळतुय.’

‘आप्पा, माझी पाळी सोडतो. सगळं पाणी तू घे. विहीर एक राहू दे.’

‘दिल्यालं पानी नगं मला.’

नवीला पाणी लागलं. जुनीचा तळ दिसला. ‘लागंल तेवढं न्या म्हनावं दादाला, माज्या हिरीचं,’ असा निरोप आला. मास्तरांनी घागरभरही आणलं नाही. त्यांचा ऊस उभा वाळला.

‘त्या शब्दाला परतीची वाट नाही रे,’ एवढंच ते मला म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात मास्तर गावीच वारले. भावानंच खांदा दिला, भावानंच अग्नी दिला. परतताना अंघोळीला सगळे त्याच्या विहिरीवर थांबलो. दुसरीकडे पाणीच नव्हतं. त्यानं बादली शेंदून माझ्या डोक्यावर ओतली. रागानं काही बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, ते पाण्यानं भरलं.

पाणी गोड होतं.