कोपऱ्यावरचा नारळ

बाबा गेले ते श्रावणात. मी फोंड्याला एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते. फोन आला तेव्हा पुस्तकांवर क्रमांक चिकटवत होते. हातातलं पुस्तक तसंच पिशवीत टाकून निघाले.

माझं माहेर नार्व्याच्या बाजूला, नदीतल्या एका लहानशा बेटावर. होडीनं जावं लागतं. मध्ये थोडा उंचवटा, त्यावर घरं, आणि भोवती खाजन, म्हणजे भरतीच्या पातळीहून खोल असलेली शेतं. नदी आणि शेत यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध. तो फुटला की खारं पाणी आत शिरतं. उभं भात जातं, विहिरी मचूळ होतात, आणि पुढची काही वर्षं जमीन रुसून बसते.

बांध सगळ्या बेटाचा. तरी प्रत्येक घराकडे त्याचा एकेक तुकडा सांभाळायला दिलेला आहे. आमच्याकडे वरचा कोपरा, जिथे प्रवाह येऊन आदळतो. खनिज वाहणाऱ्या बार्जी नदीतून जायच्या त्या वर्षांत त्यांच्या लाटांनी तिथली माती धरून ठेवणारी तिवरांची झुडपं उपटली. बाबांनी ती पुन्हा लावली, पण अजून गुडघ्याएवढीच झाली होती. त्याच कोपऱ्यावर बांधाच्या राखणदाराचा दगड आहे. तिथे कुदळ लावायची तर आधी आमच्या घरच्या माणसानं राखणदाराला नारळ आणि तांदळाचा रोट द्यायचा, ही पूर्वापार रीत.

बाबांना पोचवून आल्याच्या दुसऱ्या दिवशी गांवकार आले. बेटावर बांधाचं सगळं तेच बघतात. अंगणातच उभे राहून म्हणाले की कोपऱ्याची नदीकडची बाजू ढासळली आहे. सरकारी खात्याची माणसं फोटो काढून गेली होती. दगडी भिंत मंजूर व्हायची होती, पण अमावास्येचं उधाण काही मंजुरीसाठी थांबणार नव्हतं. आणि अमावास्या येत होती ती सुतकातच. धाकटा भाऊ दहा दिवस कशालाही हात लावू शकत नव्हता.

माणसं शेजारच्या काकींच्या ओसरीवर जमली. मी आमच्या खिडकीत बसून ऐकत होते. दुसऱ्या घरानं नारळ दिला तर काय बिघडलं, असं एकाचं म्हणणं. गांवकारांना ते पटेना. पुढे काही झालं तर तो दुसऱ्या घराचा दोष ठरेल, आणि मग त्या कोपऱ्याला कोणीच हात लावणार नाही, असं ते म्हणाले. बोलणं तिथंच अडलं.

काकी दारात वाल सोलत होत्या. मान वर न करता माझ्या खिडकीकडे हात करून म्हणाल्या, "आनी ही? लग्न जाल्ल्या चेडवाक बापायचें सुतक तीनूच दीस. न्हाली काय सुटली."

लग्न झालेली लेक तीन दिवसांनी न्हाऊन सुतकातून सुटते, हे खरंच होतं. एक जण हसला. "म्हणजे सुतकाक भायली आनी नारळाक घरची? बरो कायदो गे, काकी."

"कायदो तुमचोच. हांवें खंय केला?"

गांवकारांनी खिडकीकडे वळून मला विचारलं, "बाय, तूं दितलें?"

देईन, असं मी लगेच म्हटलं. त्याची किंमत नंतर कळली. सुतक फिटल्याची आंघोळ झाल्यावर मला आमच्या घरात जाता येईना. भावाला किंवा त्याच्या बायकोला शिवले असते तर पुन्हा सगळं मुसळ केरात. मी काकींकडे निजत होते, त्यांच्याकडची पेज जेवत होते. संध्याकाळी आमच्याकडे भटजी पोथी वाचायचे. अंगणापलीकडून नुसता सूर ऐकू यायचा, शब्द लागायचे नाहीत. भाऊ माझे कपडे अंगणात आणून ठेवायचा आणि मागे सरायचा. काकी त्यांवर पाणी शिंपडायच्या, मग मी उचलायचे. बाबा गेले होते आणि मी पाहुणी होते.

ओहोटीला आम्ही कोपऱ्यावर गेलो. गाऱ्हाणं कसं घालायचं ते मला माहीत नव्हतं, गांवकारांनीच घातलं. प्रत्येक वाक्यापाठी बाकीचे "होय म्हाराजा" म्हणत होते. या घरचा माणूस गेला, असं त्यांनी दगडाला सांगितलं. मग म्हणाले, "ताचें चेडूं आयलां. तिच्या हातचें मानून घे."

"होय म्हाराजा."

मी नारळ आणि रोट दगडापाशी ठेवले.

मग कुदळी लागल्या. नदीच्या पात्रातला काळा चिखल कापून त्याचे गोळे हातोहात वर येऊ लागले. बांबूचे खुंटे, त्यांत पेंढा, त्यावर चिखल. लग्नानंतर मी त्या चिखलाला हात लावला नव्हता. दूर उंचवट्यावर भाऊ उभा होता, दोन्ही हात मागे बांधून.

अमावास्येच्या दुपारी पाणी चढत गेलं. तिवरांचे शेंडे बुडाले. एका जागी बांध पाझरायला लागला, तिथे आम्ही पायांनी चिखल तुडवून दाबला आणि तिथंच उभे राहिलो. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. बऱ्याच वेळानं शेंड्यांवरची पानं पुन्हा दिसू लागली.

मी परतले तेव्हा भाऊ आमच्या पायरीवर बसला होता. "ताई, रावलो मगे बांध?"

"रावलो."

पाणी कुठवर आलं होतं ते त्यानं विचारलं. काठाला वीतभर कमी, असं मी हातानं दाखवलं. त्यानं आत वळून ते बायकोला सांगितलं. मग मी काकींच्या पायरीवर टेकले, आणि मध्ये अंगण ठेवून आम्ही बाबांबद्दल बोलायला लागलो. ते चिखल नदीच्या मधून काढायचे की काठाजवळून, यावरून थोडं भांडणही झालं.