प्रत्येकी म्हणजे कोण?

मेडशीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेची पहिली ते आठवीची शाळा आहे. मी तिथे सहावी-सातवीला गणित शिकवते. सकाळी एसटीतून उतरले की शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत समोरून कॉन्व्हेंटची पिवळी गाडी जाते. गावातल्या दुकानदारांची, दोन पैसे बरे असणाऱ्यांची मुलं तिच्यात असतात. मुलं म्हणजे मुलगेच जास्त. त्यांच्या बहिणी आमच्याकडे येतात. त्यामुळे आमच्या वर्गात मुलींची संख्या मोठी. बौद्ध वस्तीतल्या, मुसलमान मोहल्ल्यातल्या, तांड्यावरच्या. भाऊ गाडीच्या खिडकीतून हात हलवतो, बहीण दप्तर सावरत पायी चालते. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

त्या वर्षी सहावीत एक नवी मुलगी आली. वडील गाद्या-रजया भरून देणारे. गावातली उर्दू शाळा पाचवीपर्यंतच, म्हणून पुढे आमच्याकडे. जुलैमधल्या पहिल्या चाचणीत तिने नुसत्या आकड्यांची सगळी गणितं बरोबर सोडवली होती. जिथे वाक्यं सुरू झाली, तिथून पुढे कागद कोरा.

मी तिला जवळ बोलावलं. "हे काहून सोडलं?"

ती खाली बघून म्हणाली, "हिसाब आता है, मॅडम. पढना नहीं आता."

वर्गाचा निकालही वाईटच होता. आसपासच्या शाळांच्या केंद्रावरच्या बैठकीत आमच्या शाळेचं नाव खालून यायची सवयच झाली होती, पण या वेळी मुख्याध्यापक सरांनी निकालाचा कागद माझ्यासमोरच ठेवला. दुसऱ्याच दिवशी त्या मुलीचे वडील शाळेत आले. दाढीत कापसाचे तंतू अडकलेले.

"मॅडम, तिले एक साल पाचवीतच बसवा. मराठी पक्की होऊ द्या. घरी रडून राह्यली."

"भाऊ, पोरगी हुशार आहे. दिवाळीपर्यंत थांबा. नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तसं करू."

ते "ठीक आहे" म्हणून गेले. मी शब्द तर दिला, पण करायचं काय, हे मला ठाऊक नव्हतं.

वर्गात एक मुलगी फार सुरेख वाचायची. तिची आई शेतात मजुरीला जायची, आणि बुद्धविहारात रविवारी सगळ्यांसमोर वाचायचं काम या मुलीकडे असायचं. भागाकार मात्र दिसला की तिचे डोळे भरायचे. मी त्या दोघींना एका बाकावर बसवलं. एकीने वाचायचं, दुसरीने सोडवायचं.

आठवड्याभराने त्यांच्या मागे उभी राहून मी ऐकत होते. पुस्तकातलं गणित असं होतं : एका काकूंनी चार पुतण्यांना प्रत्येकी सहा बांगड्या दिल्या, तर एकूण किती बांगड्या दिल्या?

नव्या मुलीने विचारलं, "प्रत्येकी क्या?"

वाचणारी ठामपणे म्हणाली, "नाव हाय वं. चार पुतण्या हायेत, त्यातली एक प्रत्येकी. तिले सहा बांगड्या देल्ल्या."

"और बाकी के?"

"बाकीच्याइले नाई देल्ल्या. म्हून उत्तर सहा."

मला हसू आलं आणि लगेच विरलंही. मी फळ्याजवळ जाऊन सगळ्या वर्गाला विचारलं, प्रत्येकी म्हणजे काय? मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मले वाटलं त्या काकूची मोठी पोरगी."

माझं माहेर केनवडकडचं. आम्ही घरी 'हरेकाले' म्हणतो. मी म्हटलं, "हरेकाले सहा-सहा." वर्गातून एकदम चोवीस, चोवीस असा गलका उठला. म्हणजे गणित त्यांना येत होतं. अडत होतं ते पुस्तकाच्या मराठीत, आणि हे अडणं फक्त उर्दू शाळेतून आलेल्या मुलीचं नव्हतं.

मग रोज तासाची सुरुवात आम्ही शब्दांपासून करू लागलो. एक शब्द फळ्यावर लिहायचा आणि ज्याच्या घरी त्याला जे म्हणतात ते त्याने सांगायचं. तांड्यावरच्या मुलांनी त्यांच्या बोलीतले शब्द आणले. एके दिवशी मी 'तफावत' लिहिलं. वाचणाऱ्या मुलीने नाही म्हणून मान हलवली. नवीचा हात हळूच वर आला.

"फर्क, मॅडम."

"बरोबर. आणि नफा?"

"फायदा."

बाकी, रक्कम, जमा, हिस्सा. हे शब्द तिच्या उर्दूतलेच; तिला एकेक येत गेलं. वर्ग वळून तिच्याकडे पाहू लागला. शेजारची म्हणाली, "तुले तर आमच्यापेक्षा जास्त मराठी येते वं!" ती इतकी लाजली की ओढणीने तोंड झाकून बसली. पण त्या दिवसापासून ती मोठ्याने वाचायला लागली, अडखळत, जोडाक्षरापाशी थांबत. भागाकाराच्या वेळी मात्र तीच दुसरीला दटावायची, "रो मत. पहले पाढा बोल."

दिवाळीआधीची चाचणी झाली. नवीने वाक्यांची बहुतेक गणितं सोडवली होती. वाचणारी जेमतेम पास झाली, पण तिचा एक भागाकार शेवटपर्यंत बरोबर होता आणि तो तिने मला दोनदा दाखवला. सगळंच सुधारलं असं नाही. काही मुलं होती तिथेच राहिली. काहींना कसं शिकवायचं, हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही पुरतं कळलेलं नाही. तरी केंद्रावरच्या बैठकीत आमचं नाव मधे कुठेतरी आलं आणि सरांनी सगळ्यांना चहा सांगितला.

वडील पुन्हा आले. मी पेपर पुढे केला. मराठी त्यांना वाचता येत नव्हती, पण बरोबरच्या खुणा त्यांनी एकेक करून बोट ठेवून पाहिल्या.

"मंग पाचवीचं कसं करायचं?" मी विचारलं.

"कायची पाचवी, मॅडम," ते म्हणाले. "घरी ते आता आमाले शिकवून राह्यली."

दोघी आठवी पास झाल्या आणि तालुक्याच्या गावी, मालेगावच्या हायस्कुलात गेल्या. सकाळी मी ज्या एसटीतून उतरते, ती इथूनच मालेगावला परत फिरते आणि त्या तिच्यातच चढतात. दारात माझी पिशवी धरतात, मी उतरले की परत देतात, आणि पळत जाऊन खिडकीची जागा पकडतात.