ज्याने रक्त नेलं त्याने

आमच्या गल्लीतल्या नळ दुरुस्त करणाऱ्याला सगळे भोंगा म्हणतात. त्याने पलीकडच्या रस्त्यावर पाना मागितला, की इकडे आम्ही दचकून आपापला पाना शोधायला लागतो. मी तर भिंतीला भिंत लावून राहतो. त्याच्या घरातली भांडणं मला तोंडपाठ आहेत.

दुसऱ्यांदा रक्त मागायला आलेल्या विद्यापीठाच्या लोकांना गल्लीबाहेर पिटाळलं ते याच आवाजाने. पूर्वी ते तपासणीसाठी घरोघरचं रक्त घेऊन गेले आणि निकाल सांगायला फिरकले नाहीत. त्यात भोंग्याच्या बायकोचंही रक्त होतं. तिची मूत्रपिंडं बिघडल्याचं तिकडे कुणालातरी दिसलं असणार. घरी कळलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं.

पुढे विद्यापीठाच्या त्याच विभागातल्या एक प्राध्यापकबाई रक्त घ्यायला आल्या. भोंग्याने त्यांना जिन्यातच अडवलं. "ज्याने रक्त नेलं त्याने घरी यायचं. बसायचं. समजेपर्यंत सांगायचं." बाई कबूल झाल्या. मग हाच त्यांना घेऊन हिंडू लागला. कुणी दार लावून घेतलं, की "नळ गळतोय ना?" म्हणत आत घुसायचा, मागोमाग बाई. कितीतरी जणांची औषधं वेळेत सुरू झाली.

या कामासाठी विद्यापीठाने गल्लीचा आणि विभागाचा मिळून सन्मान ठरवला. त्या दिवशी बाई भोंग्याला न्यायला आल्या आणि खुर्ची ओढून बसल्याच.

"बाई, उशीर होतोय."

"होऊ दे. मी कधीही आले तरी तुम्ही कुणाच्यातरी मोरीत."

"लोकांचे नळ गळतात, त्याला मी काय करू?"

"तुमच्या रक्ताचा निकाल सांगायचा राहिलाय. अट तुमचीच आहे."

"बाबा, बसा," मुलगी म्हणाली.

तो बसला. बाईंनी सावकाश सांगितलं. त्याचीही मूत्रपिंडं थकायला लागली होती. पण गोळ्या सुरू केल्या तर सावरण्यासारखं होतं.

त्यानंतर भोंगा काय म्हणाला ते मला भिंतीतून ऐकू आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मुलीने नंतर सांगितलं. त्याने विचारलं होतं, "तिचंही सुरुवातीला एवढंच असेल?"

बाई म्हणाल्या, "बहुतेक."

"म्हणजे कुणी येऊन इथे नुसतं बसलं असतं तरी..."



दोघं पोचले तेव्हा सभागृहातल्या खुर्च्या आवरणं चाललं होतं. कुणीतरी सन्मानचिन्ह भोंग्याच्या हातात दिलं. त्याने ते बाईंकडे सोपवलं आणि सगळ्या खुर्च्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?"