लिंबातला जोर

बजाजनगरातल्या आमच्या शाळेत नववीला विज्ञान शिकवणारे सर खिशात लिंबू घेऊन वर्गात येत. ते वर उडवून विचारत, "वर जाताना यावर बल कोणत्या दिशेनं?"

सगळा वर्ग ओरडे, "वर!"

"हात तर सुटला. मग ढकलतंय कोण, भूत?"

"जोर, सर. आत भरलेला असतो. संपला की खाली येतंय."

"जोर म्हणजे स्टोव्हमधलं रॉकेल आहे का, संपायला?"

चूक आमच्या बोलण्यातच होती. तापाला जोर, वाऱ्याला जोर. रातपाळी करून आलेल्या वडिलांच्या अंगात जोर नसे. जोर भरतो आणि संपतो, असंच घरोघरी ऐकलेलं. सरांनी तो शब्द आमच्याकडून हळूहळू सोडवून घेतला. फळ्यावरच्या लिंबाला ते एकच बाण काढत, खाली. गुरुत्वाचा. लिंबाला वरचा वेग असतो, वरचं बल नसतं. मला ते सगळ्यांच्या आधी पटलं. जिल्ह्याच्या विज्ञान स्पर्धेला शाळेतून एकच विद्यार्थी जाणार होता. "तूच जाशील," सर म्हणाले होते.

निवडीला बाहेरचे एक साहेब आले. त्यांनी चेंडू घेऊन नेमकं तेच विचारलं. मी म्हणाले, "खाली."

साहेब हसले. "बाळ, बल खाली असतं तर चेंडू वर गेला असता का?"

मी सरांकडे पाहिलं. ते शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी पाण्याचा पेला साहेबांपुढं सरकवला. "तिचा जरा गोंधळ होतो, साहेब."

माझ्यानंतरच्या मुलानं "वर" सांगितलं. त्याची निवड झाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला व्हरांड्यात थांबवलं.

"तुझं बरोबर होतं. पण साहेबांशी कुठं वाद घालायचा? जिल्ह्याला मात्र जाणकार परीक्षक असतात. त्या पोराला एवढं समजावून दे. तुला छान सांगता येतं."

मधल्या सुट्टीत मी त्याला समजावलं, सरांच्याच लिंबानं. दोनदा उडवून दाखवल्यावर त्याला पटलं. मग तो थांबला.

"म्हंजे काल तुझंच बरोबर होतं?"

"व्हय."

"मग सर का नाय बोलले?"

"त्यांचा जोर संपला असंल."

तो खूप हसला. जिल्ह्याला तोच गेला.