केवळरामपासून लपवलेला भाग

अर्जुनी-मोरगाव तालुक्यात खड्या गमतीचा माह्यासारखा जोकर दुसरा नाही. एक होता, पण त्याच्या जावयाले लाज वाटाले लागली म्हणून त्यानं सोंग सोडलं, तवापासून मी पहिल्या नंबरवर आहो. ज्याईले माहीत नाही त्याईच्यासाठी सांगतो, दिवाळी झाली का आमच्याकडं गावोगावी मंडई भरते, आन त्या मंडईत दिवसाढवळ्या उभ्यानं नाचून-गाऊन जे सोंग दाखवतात ते खडी गंमत. तर त्या दिवशी मी शाळेच्या मैदानाच्या बाजूले तोंडाले अर्धी पावडर लावून बसलो होतो, आन केवळरामच्या घराकडून माणूस आला. मनला, केवळराम गेला. मी मनलो, कुठं गेला, आज तं त्याची दवाखान्याची पाळी नाही... मले खरंच समजलं नाही. समजलं तवा तसाच पळालो. एक गाल पांढरा, एक काळा. मयतीच्या घरात माह्याकडं पाहून दोन बाया तोंडाले पदर लावून हासल्या, आन यशोदा वहिनीनं, म्हणजे केवळरामच्या बायकोनं, रडता रडता मले सांगतलं का आधी मोरीवर जाऊन तोंड धुवा.

हे आता पेपरात येणार आहे मनतात. मी चौथी नापास माणूस, म्हणून मी बोलून राहिलो आन आमची सूनबाई मोबाईलवर लिहून राहिली. जिथं वाचून बरं वाटंल ते तिचं समजा.

केवळराम आमच्या पार्टीचा पेटीवाला. आम्ही एकाच गल्लीतले, धानाच्या एकाच बांधीत बेडकं पकडलेले. त्याच्या आज्या-पणज्यानं आमच्या गावचा तलाव बांधला, त्यामुळं त्याच्या तोंडावर लहानपणापासून असा भाव होता जसं काही तलावाची पाळ फुटली तं जबाबदारी याचीच. मी सोंग काढलो का अख्खं मैदान हासे, पोलीस पाटील हासे, आन हा पेटीवर बोटं फिरवत असा बसे जसा बँकेत नंबर लागाची वाट पाहून राहिला. सारी उमर मी त्याले हासवाचा प्रयत्न केलो. आमच्या गमतीत आधी राजा येऊन तोऱ्यात बोलून जातो, आन तो गेल्यावर मी त्याचीच नक्कल करत येतो. लोकाईले तेच आवडे. पण सोंग उतरवलो का केवळराम मने, "आज राजाकडं पाहिलाच नाही तू. नुसता नाचला." तारीफ करायची असली का मने, आज पाहिला. बस, एवढीच तारीफ, तीही वर्षातून एखाद्या वेळी, आन मी ती घरी नेऊन बायकोले सांगत जाय.

आम्ही तरणे होतो तवा ग्रामपंचायतीत टीव्ही आला. त्याच्यावर रविवारी सकाळी एक मालिका लागे, हिंदीत बोलणारी, आभाळात फिरणाऱ्या जहाजाची. तिचं खरं नाव कोणाच्या जिभेवर बसलं नाही, सगळं गाव तिले जहाज मने. त्यात एक कप्तान होता, एक डॉक्टरीण होती आन एक लोखंडाचा माणूस होता जो कधीच हासत नाही. त्या लोखंडाच्या माणसाले आम्ही केवळराम मनत होतो. जहाज जोरात निघालं का पडद्यावर पांढरे ठिपके मागं पळत. ते तारे होते मनतात. मले वाटे गोंदियाच्या राईस मिलचा कोंडा उडून राहिला, आन मी तं भर पंचायतीत सांगतलो होतो का हा कप्तान पहिले धानाचा व्यापारी असावा. केवळराम मात्र गुडघ्यावर हनुवटी ठेवून पाहे. लाईन गेली तरी उठत नव्हता, बंद टीव्हीकडं पाहत बसे. कितीही लढाई होवो, भाग संपता संपता सगळे जहाजवाले एका टेबलावर जेवाले बसत, आन तेवढं पाहूनच तो घरी जाय... जसं काही त्याईचं जेवण झाल्याशिवाय यालेही जेवता येत नाही.

मंग लग्नं झाली, पोरं झाली, पंचायतीचा टीव्ही कुठं गेला कोणाले माहीत नाही. काही वर्षाखाली केवळरामच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोन वेळा गोंदियाले जाऊन डायलिसिस करा, असं डॉक्टरनं सांगतलं. पोरगा हैदराबादले कामाले, म्हणून संग मी. मले दुसरं काही काम नव्हतं, हे गाव जाणते. सकाळच्या गाडीनं जायचं, इस्टेशनावरून ऑटो, आन मंग दुपारपर्यंत तो मशीनले बांधलेला आन मी बाजूच्या स्टुलावर, वहिनीनं देल्लेला डबा मांडीवर. पाणी मोजून प्यायचा हुकूम होता. ज्याच्या आज्यानं तलाव बांधला त्याले वाटीनं पाणी... याच्यावर मी एक जोक केलो होतो, पण तो इथं सांगत नाही. तिथंही कोणी हासलं नव्हतं.

माह्या पोरानं मले मोठा मोबाईल घेऊन देल्ला होता. एक दिवस सूनबाई मनली, बाबा, तुमचं जहाज परत आलं आहे. पाहिलो तं खरंच, नवीन मालिका, त्याच नावाची. आन तिच्या जोडीले अखिन एक, थट्टेची. जुन्या जहाजाच्या कोण्या वेड्यानं काढलेली, नाव वेगळं, पण कपडे तसेच, दरवाजे तसेच, बोलणंही तसंच, फक्त सगळं हुकलेलं. आमच्या गाडीच्या रस्त्यात जंगल लागते, तिथं रेंज नाही, म्हणून सूनबाई घरीच दोन्हीचे भाग मोबाईलमध्ये भरून देत जाय.

नवीन जहाजात एवढा अंधार का मी मोबाईल बिघडला समजून ऑटोवाल्याले दाखवलो. त्यानं पाहिलं आन मनला, "चाचा, सीन ही ऐसा है." आभाळातही लोडशेडिंग. सगळे दबक्या आवाजात भांडतात, नाही तं रडतात, जेवत कोणीच नाही. तोच जुना कप्तान आता म्हातारा झालेला, बिमार, आपल्या खोलीत एका मशीनच्या नळ्याईवर जगून राहिलेला. थट्टेवाल्या जहाजात कप्तान चालता चालता दरवाज्यावर आदळे, आन जेवण देणारी मशीन भाकर मागितली का बूट देत जाय. मी जोकर माणूस, मले थट्टेवालीच आवडली. पण एक गोष्ट सहन नाही झाली. तो बूट बाहेर आला आन केवळराम हासला. नळ्या लागलेल्या, पोट धरता येत नाही, तसाच हासला. सिस्टर धावत आली, तिले वाटलं याले काही झालं. ज्या माणसाले मी पावडर लावून, लुगडं नेसून, गधा होऊन हासवू शकलो नाही, तो मोबाईलमधल्या बुटाले हासला. मी दोन दिवस नीट बोललो नाही त्याच्याशी.

गाडीत परत येताना त्यानं मले फरक समजावून सांगतला. "नव्याजवळ नाव आहे गा, पण माणसं वळखू येत नाहीत. थट्टेवाल्याजवळ नाव दुसऱ्याचं आहे, पण माणसं आपली आहेत. त्यानं पाहिलं आहे, लेका. तुह्यासारखा नुसता नाचत नाही तो." मी मनलो, मंग तेच पाहत जाऊ ना, हे अंधारवालं कायले पाहून राहिलास. तर खिडकीबाहेर पाहत मनला, त्यात कप्तान बिमार आहे. त्याचं काय होते ते मले पाहायचं आहे.

सूनबाई पुढचे भाग आधीच पाहून ठेवे. एक दिवस तिनं मले सांगतलं का शेवटच्या भागात कप्तान आपल्या हातानं ती मशीन बंद करते. आता बस झालं मनते, आन डोळे मिटते. मी चहाची बशी खाली ठेवलो. कारण त्याच आठवड्यात केवळराम मले मनला होता, हे किती दिवस चालायचं बे, हिरामण. सहज मनला होता, गाडीच्या दरवाज्यात उभं राहून... पण मले तेच दिसाले लागलं. हा कप्तान त्यानं पाहिला तं हा पुढच्या पाळीले गाडीत बसणार नाही. आन डायलिसिस सोडलं का माणूस किती दिवस टिकते हे मले दवाखान्यातल्या सगळ्याईनं सांगून ठेवलं होतं. मी सूनबाईले मनलो, तेवढा एक भाग भरू नको.

तिथून माह्यी लपवाछपवी सुरू झाली. केवळराम मने, शेवटचा भाग लाव. मी मनो, रेंज नाही. मंग मनो, सूनबाई माहेरी गेली. एकदा तं सांगतलो का मोबाईलमध्ये जागाच नाही, बुटाचे भाग जास्त झाले. तो माह्या तोंडाकडं पाहे, बरं मने, आन आम्ही परत थट्टेवाली लावत होतो. तेच तेच भाग. तो त्याच बुटावर हासे, आन मी दात खाऊन त्याच्या बाजूले बसून राहो. आता आठवतो तं वाटते, ते दिवस काही वाईट नव्हते. गाडी सौंदडच्या पुढं निघाली का उन्हं सीटवर येत, तो मोबाईल दोन्ही हातानं धरे आन मी त्याच्यावर सावली धरत जाय.

धानाच्या रोवण्याच्या दिवसात एकदा मी सकाळी त्याले घ्याले गेलो तं तो बाजेवर बसून होता. कपडे नाही घातलेले. मनला, आज नाही येत. वहिनी दरवाज्यात उभी. मले दुसरं काय येते. फवारणीचा पंप पाठीवर बांधलो, त्याची नळी नाकाशी लावलो, डोक्यावर भात शिजवाचा जुना गंज उपडा घातलो, आन नव्या जहाजाचा कप्तान होऊन अंगणभर खोकलत चाललो. चांगलं जमून राहिलं होतं, पण गंजामुळं समोरचं दिसेना, म्हशीपाशी चिखलात पाय गेला आन मी पंपासकट उताणा. गंज कानात असा फसला का वहिनी एकीकडून आन शेजारी दुसरीकडून ओढून राहिले होते. निघाला तवा पाहिलो, केवळराम हासत नव्हता. तो उठून चप्पल घालून उभा होता. "चाल बावा," तो मनला, "तुह्यापेक्षा सुई बरी."

त्या दिवसापासून मी स्वतःले अर्धा डॉक्टर समजाले लागलो. आपण नसतो तं हा माणूस कवाच गेला असता, असं मले मनातल्या मनात पक्कं झालं. अधूनमधून तो विचारे, शेवटचा भाग आला का गा. मी मनो, अजून ते बनवूनच राहिले. तो मने, बनवू दे, त्याईले घाई नाही, मले तरी कुठं आहे...

मंडईच्या आदल्या दिवशी आम्ही गोंदियाहून आलो होतो. एकही पाळी त्यानं सोडली नाही. मंडईच्या सकाळी बाजेवर बसून तोंड धुतलं, वहिनीले टॉवेल मागितला, आन ती टॉवेल घेऊन येईपर्यंत छातीत दुखून संपलं होतं. मशीन, कप्तान, मी, कोणाचाच संबंध आला नाही.

आता महिना होऊन गेला. त्याच्या पाळीच्या दिवशी मले अजून गाडीच्या वखताले जाग येते. आंघोळ करतो, मोबाईल खिशात टाकतो आन त्याच्या अंगणात जाऊन बसतो. वहिनी चहा आणून देते. मागच्या पाळीले ती सुपात लाखोळीची डाळ पाखडून राहिली होती. मले राहवलं नाही. मी मनलो, वहिनी, आता तो नाही तं तुमाले सांगतो, आन त्या भागाची सगळी गोष्ट सांगतलो. कप्तान मशीन कशी बंद करते, ते मी कसं लपवलो, किती खोटं बोललो. मले वाटलं ती पदर डोळ्याले लावंल, मनंल का भाऊजी, तुमचे उपकार.

ती पाखडतच राहिली. मनली, "तो भाग त्याईनं कवाचा पाहून घेतला होता. माह्या मोबाईलवर, इथंच बसून. तुमच्या सुनेनंच भरून देल्ला. मले मनले, हिरामणले सांगू नको, त्याले लपवाचं काम भेटलं आहे, खुशीत आहे."

सूनबाई इथं लिहिता लिहिता थांबली आहे. लिही मनलो मी, आता काय लपवतेस.

मी वहिनीले विचारलो, कप्तानानं मशीन बंद केली ते पाहून काय मनला तो. काही नाही, ती मनली. मोबाईल चार्जिंगले लावला आन सांगतलं का उद्या सकाळची गाडी आहे, डबा कर. मी मनलो, पण वहिनी, तो त्या दिवशी बाजेवरून उठला तो तं माह्यामुळंच ना, मी एवढा पंप बांधून, चिखलात पडून...

वहिनीनं सूप खाली ठेवलं.

"त्याईले जगायचं होतं, म्हणून जात होते," ती मनली. "तुम्ही डबा खावाले जात होते."